सत्तेचाळीस आवर्तनं

दुधाच्या टँकरवर आहे मी, तीस वर्षं.
पहाटे साडेचारला धुक्यातून डेअरीकडे निघतो
तेव्हा गावात दोनच खिडक्यांत उजेड असतो:
पाववाल्याच्या, आणि दियोलिंदाबाईंच्या.
पाववाला पोटासाठी जागा.
बाई क्लॅरिनेटवर लांब सूर धरून बसलेल्या,
एकच सूर, श्वास संपेपर्यंत,
मग पुन्हा तोच.

त्यांच्या स्वयंपाकघरात शिकलो आम्ही सगळे.
टेबलावर एका बाजूला सोललेला लसूण,
दुसऱ्या बाजूला स्वरांची वही, तेलाचे डाग पडलेली.
वाद्य हातात मिळायला वर्ष लागायचं.
तोवर नुसतं तोंडाने दो, रे, मी
आणि मांडीवर ताल.
चुकलं तर लाकडी डाव आपटायच्या,
टेबलावर. पोराच्या पाठीत कधीच नाही.
मला म्हणाल्या, "कान दगडाचा आहे तुझा,
पण छाती बैलाची. ट्यूबा घे."
घेतला. अजून खांद्यावर आहे.

त्या काळी बँडमध्ये बायका नसत.
बाईंनी घडवलेली पोरं निळ्या कोटात रांगेने जायची
आणि बाई सज्जात उभ्या,
कठड्यावर बोटं चालवत,
कोण कुठे घसरला ते मनात टिपत.
मग एका वर्षी,
पवित्र आत्म्याच्या सणाला आठ दिवस उरलेले,
आणि पहिला क्लॅरिनेटवाला एवारिश्तु
कॅनडाला निघून गेला, कोट खुंटीवर सोडून.
अध्यक्षांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
पाद्री काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरंच बोलले.
बाईंनी खुंटीवरून कोट उतरवला,
बाह्या आत दुमडून चार टाके घातले
आणि पहिल्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.
आई सांगायची, त्या दिवशी
गावाने चांदीच्या मुकुटाकडे जरा कमीच पाहिलं.

ते टाके अजून तसेच आहेत.
लग्नं झाली त्या कोटात, बाप्तिस्मे झाले.
भूकंपानंतर चर्चला छप्पर नव्हतं तेव्हा ताडपत्रीखाली वाजवलं.
दोरीचा बैल गल्लीत सोडतात त्या दिवशी
बैल बँडवरच उलटला, सगळे भिंतींवर चढले.
बाईही चढल्या. चाल संपवून.
माझ्या बापाला पोचवायला निघालो तर पाऊस;
लाकूड फुगेल म्हणून वाद्य कोटाच्या आत घेतलं
आणि आपला भाग त्यांनी तोंडाने गायला,
कबरीपर्यंत.
लिस्बनला मोठ्या ऑर्केस्ट्रात बोलावलं होतं म्हणे.
खरंखोटं त्यांनाच ठाऊक. विचारलं तर म्हणाल्या,
"तिथे लोक तिकीट काढून येतात.
इथे ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकावं लागतं."

गेल्या हिवाळ्यात पुढचे तीन दात गेले.
कवळी आली, पण ओठांत सूर बसेना.
खिडकीत उजेड असायचा, आवाज नसायचा.
मी टँकर उगाच हळू न्यायचो.

मग सणाच्या तालमीला आल्या, कोट घालूनच.
क्लॅरिनेट किराणावाल्याच्या झुल्मिराला दिली,
तेरा वर्षांची पोर, रडायलाच लागली.
"रडून भिजवू नकोस," म्हणाल्या.
आणि अध्यक्षांना, "मला त्रिकोण द्या."

संथ चालीत त्रिकोणाला काम काय?
सत्तेचाळीस आवर्तनं गप्प, मग एकच ठोका.
त्यासाठी त्या गुडघे धरत चढ चढल्या,
काळ्या दगडांच्या कुंपणांमधून,
डावा हात त्रिकोण घेऊन उंच,
उजवा अर्ध्यात थांबलेला,
ओठ मोजत.
सेहेचाळिसाव्या आवर्तनात मी, नेहमीसारखा,
घाईने अर्धा ठोका आधी घुसलो.
बाईंनी मागे पाहिलं नाही.
खांदा तेवढा हलला.

मग टिंग.
कुंपणापलीकडच्या गाई
चरायच्या थांबल्या.